कडुलिंबाचा महिना

आमची आजी वर्षाचे अकरा महिने देवमाणूस होती आणि फाल्गुनात ती आमच्या जिवावर उठायची. चौथीत असताना 'माझी आजी' या निबंधात मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. बाईंनी त्याच्या शेवटच्या भागावर लाल रेघ मारली आणि समासात शेरा दिला, 'असे लिहू नये.' मला त्यांचा फार राग आला, कारण खरं तेच होतं.

आमची वस्ती शेवगावच्या पुढं, कोरडवाहू भागात. दिवाळी झाली की वस्तीवरची धडधाकट माणसं ऊसतोडीला जायची. माझे आई-वडीलही जायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणं आणि शेजारची एकदोन तान्ही पोरं चढायची, आणि मग गुढीपाडव्यापर्यंत घरात आम्ही तिघंच उरायचो. आजी, मी आणि माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान भाऊ. आजी म्हणजे वडिलांची आई. तिनं स्वतः तरुणपणापासून ऊस तोडला होता, त्यातली बरीच वर्षं नवऱ्यामागं एकटीनं. मी जन्मले त्या वर्षी तिनं आपला कोयता खुंटीला अडकवला तो कायमचा. "पोरगी शाळंत जाईल, उसाच्या पाचटात न्हाई वाढायची," असं ती वडिलांना म्हणाली होती म्हणे. आज मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत माल तपासायच्या विभागात आहे. पंख्याखाली खुर्चीवर बसून पगार घेते. त्या खुंटीचे माझ्यावर केवढे उपकार आहेत ते मला चांगलं ठाऊक आहे.

आजी उंच, सडपातळ, आणि पाठीनं शेवटपर्यंत ताठ. वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा तेव्हा बायकांची अशी काही जुंपायची की टँकरवालाच खाली बसून घ्यायचा. आजी मात्र रांगेत आपली कळशी घेऊन निवांत उभी. मागून कुणी घुसलं तर बाजूला सरकून म्हणायची, "घे बाई, तुझं लेकरू रडतंय." घुसणारीच्या घरी लेकरू नसलं तरी ती शरमून मागं व्हायची. आजीला भांडताना मी कधी पाहिलं नाही. माझी वेणी घालताना गुंता लागला तर ती केसांनाच समजावत बसायची, आणि माझं डोकं जराही ओढलं जायचं नाही.

म्हणून तर फाल्गुन सहन व्हायचा नाही.

किराणा दुकानातल्या फोनवर निरोप यायचा की आता पंधरा-वीस दिवसांत कारखान्याचा पट्टा पडणार, म्हणजे हंगाम संपणार आणि माणसं परत येणार. त्या दिवसापासून आजी बदलायची. सकाळी मी तेलाची बाटली घेऊन तिच्यापुढं बसले की म्हणायची, "माझं हात दुखत्यात. आय आली की घाल वेणी." वीस दिवस मी झिपरी होऊन शाळेत जायची. गूळ-शेंगदाणे मागितले तर, "आय आल्यावर माग तिला." भाऊ तिच्या मांडीवर चढायला लागला की ती उठून उभी राहायची. चुलीपुढचं काम नसलं तरी काढायची. आईनं जाताना अंगावरून सोडून ठेवलेलं एक लुगडं ती चार महिने न धुता पेटीत ठेवायची आणि नेमकं तेव्हा बाहेर काढून त्याची झोळी बांधायची. भावाला दुपारी त्यात टाकायची आणि स्वतः बाहेर जाऊन बसायची. तो रडून रडून झोपायचा. मी काही बोलले तर फटकन उत्तर यायचं, "मी काय तुमची आय हाय?"

मी नऊ वर्षांची होते, भाऊ दोन वर्षांचा. त्याला मागं ठेवून जायची आईची ती पहिलीच वेळ. फाल्गुन सरता सरता एका सकाळी ट्रॉली वस्तीवर आली. आई उतरली. उन्हानं काळी पडलेली, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. ती सामानही न उतरवता भावाकडं धावली, आणि तो माझ्या मागं लपला. तिनं हात पुढं केले तर त्यानं असा टाहो फोडला की शेजारच्या बायका दारात आल्या. आई तशीच उभी राहिली, हात पुढं करून. तिला काय वाटलं असेल ते कळायचं माझं वय नव्हतं. मला एवढंच कळत होतं की भाऊ रडतोय आणि त्याला हवी आहे आजी.

आजी घरात नव्हतीच. ती दर वर्षी त्या दिवशी पहाटेच दोन शेळ्या घेऊन माळावर जायची. मी भावाला कडेवर घेतलं आणि पळत सुटले. आई मागून हाका मारत येत होती.

आजी एका दगडावर बसली होती, शेळ्यांची दावी हातात धरून. भावानं तिला पाहिलं आणि माझ्या कडेवरूनच दोन्ही हात तिच्याकडं टाकले. ती उठली. मला वाटलं, आता घेईल. तिनं हात पदराखाली घेतले आणि तोंड फिरवलं.

"माझ्याकडं न्हाई यायचं. आयकडं जा."

"अगं, घे ना त्याला! तो रडतोय!" मी ओरडले.

"तुला सांगितलेलं कळत न्हाई व्हय? ने त्याला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तू आमची कोनीच न्हाईस!"

तोवर आई येऊन पोहोचली होती. भाऊ रडून इतका दमला होता की आईनं माझ्या कडेवरून घेतलं तेव्हा त्यानं हात-पाय झाडले नाहीत. तिच्या खांद्यावर डोकं टाकून हुंदके देत राहिला, आणि थोड्या वेळानं त्यानं तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं. झोळीत पडल्या पडल्या तो तसंच करायचा. आम्ही परत निघालो. आजी दिवे लागायच्या वेळेला घरी आली, शेळ्या बांधल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "जेवली का पोरं?" चार दिवसांनी पाडव्याला तिनं कडुलिंब आणि गूळ वाटून आमच्या हातावर ठेवला. तेव्हा ती पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. मी मात्र कित्येक महिने तिच्याशी तोडून वागत होते. मुलं फार दुष्ट असतात, मी जरा जास्तच होते.

हे कोडं सुटायला मला स्वतःला आई व्हावं लागलं. मुलगी वर्षाची झाली तेव्हा मला कामावर परत जायचं होतं, आणि सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तिला वस्तीवर माझ्या आईकडं ठेवलं. तोवर आई-वडिलांनी ऊसतोड सोडली होती. मी आठवड्याच्या सुट्टीला एसटीनं जायची. तिसऱ्या महिन्यात मुलगी माझ्याकडं येईना. मी खेळणं पुढं केलं, बिस्किट पुढं केलं, ती माझ्या आईच्या गळ्याला घट्ट. मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं गेले आणि रडले. आई मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "आता मला आत्याबाईंवानी करावं लागंल." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी.

मग तिनं सांगितलं. मी तान्ही असताना आई पहिल्यांदा मला सोडून ऊसतोडीला गेली होती. परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. महिनाभर तिच्याजवळ गेले नाही. आई गोठ्यामागं जाऊन रडायची आणि डोळे पुसून भाकरी थापायला बसायची. आजीनं ते एकदा पाहिलं. पुढच्या वर्षी हंगाम संपायला आला तशी ती माझ्याशी तुसडेपणानं वागायला लागली. शेजारणींनी आईचे कान भरले, की तुझी सासू पोरीला जाच करते. आईनं भीत भीत विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "दूध तोडताना थानाला कडुलिंब लावत्यात ना? तसंच हाय. पोरं मला वंगाळ म्हनू देत. तुला परकी म्हनाय नकोत." आणि हे पोरांना कधी सांगायचं नाही, अशी शपथ घातली.

लोक म्हणतात, दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी. आमच्या आजीनं ती साय दर वर्षी स्वतःच्या हातानं काढून सुनेच्या वाटीत घातली. मी ऐकत होते आणि मला तो माळ दिसत होता. पदराखाली घेतलेले हात दिसत होते. आजी शेजारच्याच खोलीत लसूण सोलत बसली होती, पण तिच्यासमोर जाऊन काही बोलायचं मला धाडस झालं नाही. आईनं शपथ मोडली असं व्हायचं, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. म्हटलं, कधीतरी बोलू. हे कधीतरी आठ-नऊ वर्षं लांबलं.

आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, म्हणजे ती कुणालाच माहीत नाही. नव्वदी कधीच ओलांडली होती. गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली आणि मी दर रविवारी जायला लागले. सुरुवातीला ती माझा हात सोडायची नाही. मग एका रविवारी मी आत पाऊल टाकताच म्हणाली, "कशाला आलीस? घरी काम न्हाई का तुला?" पुढच्या रविवारी माझ्या मुलीनं तिच्यासाठी पेरू चिरून नेले तर तोंड फिरवून, "मला नको. ने तिकडं." मुलगी हिरमुसली. बघायला आलेली माणसं म्हणाली, साठी बुद्धी नाठी. मलाही वाईट वाटलं. इतक्या लांबून धक्के खात यायचं आणि हे ऐकून घ्यायचं. तिसऱ्या रविवारी जाऊ नये असं मनात येऊन गेलं होतं.

पण गेले. दारातून आत येताना अंगणातल्या कडुलिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटलेली दिसली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फाल्गुन चालू होता. आजी भिंतीकडं तोंड करून पडली होती. "आली का परत?" ती खेकसली. मी तिच्या अंगावरची गोधडी हळूच बाजूला केली. दोन्ही हात पदराखाली होते, मुठी आवळलेल्या.

"आजी," मी म्हटलं, "कडुलिंब लावाय लागलीस व्हय?"

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, अगदी चोरी पकडल्यासारखं.

"तुला कोन म्हनलं?"

"आई म्हनली. लई वर्षं झाली."

"शपथ घातली हुती तिला," ती पुटपुटली. मग बोळक्या तोंडानं हसली. "मी गेल्यावर तुमाला जड जाईल, म्हनून म्हनलं."

"कडू लागलं तरी मी येनार. मी काय आता दोन वर्षांची हाय?" मी तिच्या उशाशी बसले. "आजी, मी त्या दिवशी माळावर तुला म्हनलं हुतं, तू आमची कोनीच न्हाईस."

"म्हनली हुतीस? मला न्हाई आठवत."

जिला चाळीस वर्षांपूर्वीची कुठली शेळी कुठल्या वारी व्याली ते आठवायचं, तिला हे आठवत नव्हतं. मी तिच्या मुठी हातात घेतल्या. त्या हळूहळू सुटल्या. आजी, तू होतीस म्हणून मी शाळा शिकले आणि तू होतीस म्हणून मला आईही मिळाली, हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं. शब्दांत, मोठ्यानं, दोनदा, कारण तिला ऐकू कमी यायचं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्याकडं बघत म्हणाली, "केसांचं काय करून ठिवलंय गं, बाय? बस अशी माझ्याम्होरं."

मी तिला उशीला टेकवून बसवलं आणि तिच्यापुढं पाठ करून बसले. बोटांतून पेड सुटत होते, ती पुन्हा पुन्हा धरत होती. बराच वेळ लागला. वेणी डावीकडं कलली होती आणि मध्येच एक बट बाहेर राहिली होती. सोमवारी कंपनीत सगळ्यांनी विचारलं, आज घाईत आलीस का? मी हो म्हटलं.

आजी वैशाखात गेली. फाल्गुनात तिनं माझी वेणी घातली ती तेवढीच. मी ती चार दिवस सोडली नाही.