ओटा खाली करा

माझी बायको मराठी बोलते, मीही मराठीच बोलतो, तरी आमचा ओटा चुकला.

पाठीच्या दुखण्यात शालनचे पाय गेले आणि ती व्हीलचेअरवर आली. दवाखान्यातून ती नळदुर्गला भावाकडं गेली, इथं तेरला मी एकटा उरलो. तिची अट एकच. फोनवर म्हणाली, "मला आयतं खायचं न्हाय. भाकरी माझ्या हातानं करीन. तेवढा ओटा खाली करा, मग येते."

मी जन्मात तिचं काम हलकं केलं नव्हतं. (पाण्याचा तांब्यासुद्धा तीच हातात द्यायची.) त्यामुळं झपाटून लागलो. शेजाऱ्याची शिडी आणून शेगडी, डबे, परात, मिठाची बरणी, सगळं माळ्यावर चढवलं. ओटा असा खाली केला, की मुंगीलाही आडोसा उरला नाही. वरून लिंबू फिरवलं.

शालन आली. मेव्हण्यानं खुर्ची स्वयंपाकघरात ढकलली. ओट्याचा कडाप्पा बरोबर तिच्या हनुवटीला आला.

"ह्ये काय?"

"खाली केला की."

"आन् डबे?"

मी वर बोट दाखवलं.

"अहो, खाली म्हंजी बुटका! ह्या खुर्चीला लागंल असा."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, भाड्याची खोली खाली करायलाव का काय?"

तो हसला, ती हसली नाही. "ह्याच्यावर मी निस्ती हनुवटी ठिवून बसू का?" म्हणाली आणि त्याच गाडीनं परत गेली.

मग गवंडी लावून ओटा बुटका केला. खुर्ची आत शिरावी म्हणून खालची भिंतही काढली. माळ्यावरून शेगडी आणि चहा-साखर तेवढी उतरवली, जेवण खानावळीतून येतच होतं. वाकून चहा करताना कंबर धरू लागली, तसा प्लास्टिकची खुर्ची ओढून बसू लागलो. बसलं की समोर नुसती भिंत दिसते. सवयीनं चहा दोन कप होतो. दुसरा गार झाला की तोही मीच पितो.

काल तिचा फोन आला. "झाला का ओटा खाली?"

"झाला. आता घरच खाली आहे."

"अगं बाई, घर बुटकं केलं?"

"न्हाय. दुसरं खाली."

तिनं तिथूनच भावाला गाडीचं विचारलं. मग म्हणाली, "उद्या येते. पीठ-मीठ हाताशी हाय न्हवं?"

"हाय की."

फोन ठेवून मी माळ्याकडं पाहिलं. घेतलेली वस्तू वेळेवर परत करायची नाही, ही माझी जन्माची खोड. शेजाऱ्याची शिडी तेवढी मी शेगडी उतरवली त्याच दिवशी परत केली होती.