पडदेमामांचं यकृत

पडदा वर जातो. दिवाणखाना, दोन खुर्च्या, रंगवलेली खिडकी, मधोमध न्यायाधीशाच्या वेषात मी. पण रसिकहो, तिकडे पाहू नका. उजव्या विंगेत पाहा. तिथे दोर धरून आमचे पडदेमामा उभे आहेत आणि त्यांच्या कपाळावरून घाम निथळतोय.

आमचा पडदा भलताच जड. दोर बांधायची खुंटी सैल, म्हणून अंक संपेपर्यंत मामा दोराचं टोक हातातच धरून ठेवत. दुसऱ्या कुणी हात पुढे केला की म्हणत, "ताटातलं घे बाबा, पण दोर नको!"

महिन्यापूर्वी सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात चरबी निघाली. "आयुष्यात थेंबाला शिवलो नाही, आणि यकृत?" मामा हसले. डॉक्टर हसले नाहीत. "न पिणाऱ्यालाही होतं. अशा माणसाच्या हृदयालाही धोका जास्त असतो. हृदयाची तपासणी करून घ्या." मामांनी तळलेलं सोडलं आणि तपासणी ढकलली नाटकाचे प्रयोग संपेपर्यंत.

मी भाषण ठोकत होतो. विंगेतली कुजबुज मात्र कानावर येत होती. कपडेपट सांभाळणाऱ्या मामी हातातला झगा टाकून उठल्या होत्या.

"काय होतंय?"

"काही नाही गं. यकृत कुरकुरतंय."

"यकृत जबड्यात असतं होय? मग जबडा का चोळताय?"

"हळू बोल, भाषण चाललंय."

"चुलीत गेलं भाषण! दोर द्या इकडे."

"वेडी आहेस का? पडदा न्यायाधीशाच्या डोक्यात बसेल."

मामींनी दोराला हात घातलाच. "मागे सरा!" त्या माझ्यावर ओरडल्या. मी सरलो. सगळा भार अंगावर झेलत त्यांनी भर वाक्यात पडदा खाली सोडला. प्रेक्षकांत शिट्ट्यांचा कल्लोळ उठला.

मी विंगेत धावलो. मामा जमिनीवर बसले होते, चेहरा पांढराफटक. "पाच मिनिटं द्या," ते पुटपुटले, "पडदा वर घेतो." दिवेवाल्याने तोवर रुग्णवाहिका बोलावली होती. माझ्या हातातला त्यांचा हात बर्फासारखा गार लागत होता. मामी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होत्या.

स्ट्रेचर आलं. "काका, नक्की कुठे दुखतंय?" ते आणणाऱ्या माणसाने विचारलं.

मामांनी मामींकडे पाहिलं, मग नजर वळवली.

"छातीत. सकाळपासून. हिला सांगितलं नव्हतं."