तंबोऱ्याचा जीव
कपड्यावर सुटा दोरा दिसला की माझी बोटं आपोआप तिकडं जातात, आणि तीस वर्षांपूर्वीची मिरजेतली दुपार आठवते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन तिथं झालं होतं. मी तेव्हा रहिमतपुरात ब्लाऊज शिवायचे. एका नव्या नवरीच्या ब्लाऊजची बाही तीनदा उसवूनही काखेत ओढत होती, म्हणून मशीन विकून टाकायचं मी ठरवलं होतं. आई झोपल्यावर सहज तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेले. एका दुकानात लाखेचा वास कोंदला होता आणि एक म्हातारे कारागीर तयार तंबोरा पुसत होते. त्याच्या तारेखाली पांढरा दोरा अडकलेला दिसला. हाताच्या सवयीनं मी तो ओढून काढला. "आवं ताई, जीव काढलासा की त्येचा," ते म्हणाले. त्या दोऱ्यालाच जीव म्हणतात, हे मला कुठलं ठाऊक. त्यांनी तार छेडली, तर नुसती ठक्क वाजली. आता बोलणी बसणार असं वाटलं, पण त्यांनी दोरा माझ्याच हातात ठेवला. "तुमीच घाला परत. सरकवत ऱ्हावा, मी वाजवतो." मी केसाकेसानं सरकवत राहिले. एका जागी तार अशी गुंजली की पायाखालची फळीसुद्धा थरथरली. "मला सकाळी ह्याच जागंला तासभर लागला," ते हसून म्हणाले. घरी येऊन मी बाही चौथ्यांदा उसवली, सूतभर पुढं सरकवली, आणि ती बसली. मशीन अजून माझ्याकडंच आहे. शिकायला येणाऱ्या मुली चुकल्या की उसवलेली बाही मी त्यांच्याच हातात देते आणि म्हणते, सरकवत ऱ्हावा.