खांबावर कोण हाये?

पुंजाराम हवालदार जुन्या जालन्यातून ट्रॅक्टरवर घालून ते धूड घेऊन आले, तेव्हा अर्धी आष्टी रस्त्याच्या कडेला उभी होती. हिरवा रंग, लोखंडी पिंजरा, बाजूला पलटणीचा पुसट झालेला नंबर. शेजारचे तातेराव म्हणाले, "हवालदार, रणगाडा आणला का काय? पाकिस्तान लई दूर हाये हितून." पुंजाराम हसले नाहीत. उतरवताना कुठं धक्का लागू नये, एवढ्याकडंच त्यांचं लक्ष होतं.

तो फौजेनं मोडीत काढलेला डिझेल जनरेटर होता. लिलावातून भंगारवाल्याकडं आला, आणि भंगारवाला तो फोडायच्या आत पुंजारामांनी गाठला. असल्याच जनरेटरांच्या दुरुस्तीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. डिझेल इंजिन आणि रिटायर फौजी, दोघांनाही रिकामं बसवलं की धूर येतो. पुंजारामांचा धूर तर गावानं रोजच पाहिला होता. पण या वेळी ते रिकामपणाचा उद्योग करत नव्हते.

त्यांची बायको सत्यशीलाबाई. गावातल्या शाळेत दोन पिढ्यांना तिनं बाराखडी शिकवली. आता तिची छाती साथ देत नव्हती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन बसवायला लावलं. ते विजेवर चालणार, आणि साल २००७. भारनियमनानं सगळ्या मराठवाड्याला जेरीस आणलं होतं. इन्व्हर्टर घेतला, पण तो भरायला तरी लाईट टिकायला पाहिजे ना! मग जालन्याहून सिलिंडर. सिलिंडर तळाला गेला की सत्यशीलाबाई बोलणं बंद करायची, भिंतीला टेकून बेताबेतानं श्वास घ्यायची. गरिबाघरची बाई तेल पुरवून वापरते, तशी ती हवा पुरवून वापरत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छावण्या उजळल्या आणि आपल्या घरात बायकोला श्वास पुरत नाही, याची त्यांना चीड होती.

"ह्या घरातली लाईट आता जाणार न्हाई," ते म्हणाले. "सांगून ठेवतो."

अडचण अशी की जनरेटर तीन फेजचा. घराला लागतो एकच. तिफणीचे दोन फण बंद ठेवून एकाच फणानं पेरल्यासारखं ते होत होतं. व्होल्टेज नाचायचं आणि ऑक्सिजनचं मशीन टीं टीं करून बंद पडायचं. तेव्हा पुंजारामांनी मागचं झाकण उघडलं. आत वाइंडिंगच्या तारांची बारा तोंडं होती. ती सोडवून वेगळ्या रीतीनं जोडली, तर सगळ्या कॉइली मिळून एकच फेज देणार होत्या.

तोंडांवरचे शिक्के कधीच उडून गेले होते. कुठलं तोंड कुठल्या कॉइलचं, ते टेस्ट लॅम्प लावून शोधायचं. ते सांगत जायचे आणि सत्यशीलाबाई खाटेवर बसून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांवर वळणदार अक्षरात आकडे लिहून द्यायची. पहिल्यांदा जोडलं तर जनरेटर नुसता घुमला, व्होल्टेज निम्मंसुद्धा नाही.

"एखादं पोरगं रांगेत उलटं तोंड करून उभं असेल," सत्यशीलाबाई म्हणाली.

तसंच निघालं. एक कॉइल उलटी लागली होती. ती सुलट केली आणि मीटरचा काटा दोनशेतीसवर जाऊन गप बसला. पुंजारामांनी कपाळाचा घाम पुसला आणि बायकोकडं असं पाहिलं, की तिनंच लाजून मान फिरवली.

आता उरला होता चेंजओव्हर, म्हणजे घर एकतर खांबावरच्या लाइनीला नाहीतर जनरेटरला जोडणारा मोठा खटका. तो जालन्याहून यायचा होता. तो यायच्या आधीच एका सकाळी लाईट गेली. गावाची लाइन तुटली होती. सिलिंडरचा काटा तळाला टेकलेला.

तातेराव म्हणाले, "खटका कशाला पाहिजे? किटकॅट काढा की मीटरजवळचं. सगळं गाव तसंच करून राह्यलंय."

किटकॅट म्हणजे चिनी मातीचा फ्यूज. तो उपसला की फेज तुटतो, घर लाइनीपासून सुटं होतं, असं आष्टीतलं शेंबडं पोरही सांगेल. पुंजारामांनी खोलीतल्या सॉकेटात टेस्टर घालून फेज कुठला ते आदल्याच दिवशी, लाईट असताना, पाहून ठेवलं होतं. जनरेटरचा फेज त्याला जोडला, आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, दुसऱ्या तारेला आणि जमिनीतल्या अर्थिंगलाही. मीटरजवळ मात्र टेस्टर लावला नाही. तिथं सवयीनं हात गेला. किटकॅट उपसून खिशात टाकलं आणि हँडल मारलं.

जनरेटर गरजला. मशीन सुरू झालं, सत्यशीलाबाईनं नळी नाकाला लावली आणि डोळे मिटून पोटभर श्वास घेतला. पुंजाराम तिच्याकडं पाहतच राहिले.

पण त्यांचा कान इंजिनाकडं होता. इंजिन कण्हत होतं. काळा धूर टाकत होतं. एवढ्याशा मशीनसाठी एवढं ओझं कशाचं?

तेवढ्यात पलीकडून तातेरावांची आरोळी आली, "लाईट आली रे! पंखा फिरून राह्यला!"

पुंजारामांच्या एकदम ध्यानात आलं. गेल्या आठवड्यात त्यांच्या घरचा फेज मेला होता, बाजूचा चालू होता. तेव्हा गावाच्या रिवाजाप्रमाणं त्यांनीही बांबूनं खांबावरच्या तारांना अडकवलेले आपल्या वायरींचे आकडे काढून चालू फेजवर टाकले होते. बायकोचा जीव घाबरा झालेला, हात घाईत. दोन्ही वायरींची अदलाबदल झाली होती. दिवे काय, तसेही लागतात. पण किटकॅट आता न्यूट्रलवर होतं. त्यांनी उपसला तो न्यूट्रल, आणि फेज खांबाला तसाच जोडलेला. त्यांचा जनरेटर साऱ्या गल्लीच्या तारांत वीज सोडत होता, आणि ती अर्थिंगच्या वाटेनं जमिनीतून परत येत होती.

आणि कोपऱ्यावरच्या खांबावर कचरू लाइनमन तुटलेली तार जोडायला चढत होता.

पुंजारामांचा हात स्टॉपच्या दांडीवर गेला आणि तिथंच अडला. क्षणभरच, पण अडला. आत ती श्वास घेत होती.

खिडकीतून सत्यशीलाबाईनं त्यांना पाहिलं. तातेरावांची आरोळी तिनंही ऐकली होती, आणि कचरू सायकलीवर खांबाकडं गेलेला सकाळीच दारातून पाहिला होता. तिनं नाकातली नळी ओढून काढली आणि हात उंच करून त्यांना दाखवली.

"बंद करा! माझा कचरू हाये वर!"

तिनं त्याला पहिलीत बसवलं होतं.

पुंजारामांनी दांडी ओढली आणि धावत सुटले. "कचरू, हात लावू नको! तारेला हात लावू नको!" कचरूचा हात तारेपासून वीतभर होता. तो तसाच खांबाला मिठी मारून राहिला. पुंजारामांनी परत येऊन शिडी लावली आणि घरावर येणाऱ्या दोन्ही वायरी पकडीनं कचाकचा तोडून टाकल्या. आता घर गावापासून साफ तुटलं. मग त्यांनी पुन्हा हँडल मारलं. सत्यशीलाबाईचे ओठ निळे पडले होते. नळी लागली, हळूहळू रंग परतला, तोवर पुंजाराम तिचा हात धरून बसले होते आणि रडत होते. फौजी माणूस, पण रडत होते.

कचरू खाली उतरून दारात आला. पुंजारामांनी त्याच्यापुढं हात जोडले. "माझ्या हातून तू गेल्ता रे."

"पर गेलो न्हाई ना काका," कचरू म्हणाला. मग आत डोकावून, "बाई, बऱ्या हायेत ना?"

जालन्याला जाऊन चेंजओव्हर त्यानंच आणला, त्यानंच बसवला, तोडलेल्या वायरीही टेस्टर लावून त्यानंच जोडल्या. आता दोन्ही वायरी एकदम सुटतात. चूक करायची म्हटली तरी होत नाही. पुंजारामांनी आपल्या घरातला बांबू मोडून चुलीत घातला आणि तातेरावांचाही मागून आणला. इंजिनाला ओझं हवं म्हणून एक हीटर जोडलाय, त्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्यांची आंघोळीच्या पाण्याची सोय होते. रणगाडा म्हणणारे तातेराव रांगेत पहिले.

खटका आहे, भीती काही उरलेली नाही. तरीही लाईट गेली की पुंजाराम आधी अंगणात येतात आणि तोंडाला हात लावून ओरडतात, "खांबावर कोण हाये?"

गल्लीतून कुणीतरी उत्तर देतं, "कोणी न्हाई, लावा!"

तोवर सत्यशीलाबाई खाटेवर नळी हातात धरून बसते. उत्तर आल्याशिवाय ती नाकाला लावत नाही.