पायाळू पोरीची कंबर

"स्पॉन्डिलोलिसिस," डॉक्टर म्हणाले. मुलुंडच्या हॉस्पिटलात एमआरआयची फिल्म उजेडावर धरून त्यांनी समजावलं, "कमरेच्या मणक्याला मागच्या बाजूने चीर गेली आहे. सारखं मागे वाकून, उड्या मारून होतं असं. बर्फ बंद."

माझी लेक श्रावणी बर्फावर फिगर स्केटिंग करते. ज्युनियरमध्ये मेडलं आणली होती आणि याच वर्षी सीनियर गटात उतरायचं होतं. तिने एवढंच विचारलं, "मग सीनियर?"

"या वर्षी नाही, बाळा. हाड जुळलं तर पुढच्या वर्षी. नाही जुळलं तर मग बघू."

तो "मग बघू" घेऊन आम्ही घरी आलो.

हे सुरू कसं झालं ते सांगते, कारण तुमच्याही घरी खेळणारं पोर असेल. सीनियरचा नाच लांब, उड्या अवघड. अंधेरीच्या रिंकवरून, म्हणजे बर्फाच्या मैदानावरून, आली की ही कंबर धरून बसायची. आम्ही कोकणातली माणसं. पाठ धरली म्हणजे उसण भरली, आणि उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायचा. पायाळू म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. पंचाईत अशी की आमच्या सोसायटीतली पायाळू हीच! सगळे काका-काकू हिच्याकडूनच पाय लावून घेतात. हिला कोण लावणार? तशी तिची पाठ इतकी वाकते की स्वतःचा पाय स्वतःच लावला असता.

शेवटी मरोळहून माझे बाळामामा आले, तेही पायाळू. त्यांनी हलकेच पाय टेकवला नि विचारलं, "काय गो चेडवा, बरा वाटता मां?"

म्हातारा माणूस एवढ्या लांबून आलेला. ही म्हणाली, "हो आजोबा, एकदम झकास!"

मामांचा काय दोष? चीर आधीचीच होती. पण ते "झकास" ऐकून आम्ही निर्धास्त झालो आणि ही परत बर्फावर गेली. मग एका सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना, तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी ब्रेस दिला, म्हणजे कमरेचा कडक पट्टा. रोज सकाळी मी तो बांधायचे आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहायची. एकदा म्हणाली, "आई, मी संपले का गं?" मी म्हटलं, "वेडी आहेस का? गप." आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढे घाटकोपरला फिजिओथेरपी. बाहेर बाकावर सगळे गुडघेदुखीवाले आजी-आजोबा, मध्ये आमची पोर. तिथल्या मॅडमनी तिचा पाय उचलून विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

"चेहरा तर वेगळंच सांगतोय. मला शूर मुलगी नकोय गं. दुखलं की दुखलं म्हणायचं, हा तुझा पहिला व्यायाम."

खरं सांगते, हाच व्यायाम तिला सगळ्यात जड गेला. लहानपणापासून पडली की हसत उठायचं, हेच शिकलेली ना ती. आम्हीही त्यावर टाळ्या वाजवलेल्या. म्हणून सांगते, पोरांना "बरं आहे ना?" असं विचारू नका. "कुठे दुखतंय?" विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

हाड जुळलं. त्या डॉक्टरांचे, त्या मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढच्या वर्षी श्रावणी सीनियरला उतरली. पाठ मागे वाकवून घ्यायची गिरकी हा तिचा हुकमी एक्का. बर्फावर जायच्या जरा आधी ती तिला शिकवणाऱ्या सरांकडे गेली. "सर, सरावात थोडं दुखलं. ती गिरकी मी साधीच घेते." सरांचं तोंड उतरलं. मी मात्र तिथेच तिचे गाल कुस्करले.

निकाल लागला. शेवटून दुसरी!

घरी आल्यावर मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, कितवी आली?" म्हटलं, "शेवटून दुसरी. पण दुखलं तेव्हा पोरीने सांगितलं हो काकू, त्याचे पेढे."