झाडीपट्टीतला विलन आणि वाटाण्याएवढी ग्रंथी

मी हार्मोनच्या आजारांची डॉक्टर. दवाखाना चंद्रपूरला, पण महिन्यातून दोन शनिवार वडशाला जाऊन पेशंट बघते. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी नाटकांचा सीझन; दिवाळीच्या सुमारास तिथे नाटक कंपन्यांचे बोर्ड आणि पोस्टर इतके दाटीवाटीने लागतात की आमची पाटी शोधावी लागते. अशाच एका शनिवारी एक उंचेपुरे गृहस्थ बायकोसोबत आत आले आणि बाहेर बाकावर बसलेले पेशंट चक्क उठून उभे राहिले. मला वाटलं, आमदार आले.

"विलन आहेत, मॅडम," कंपाउंडर हळूच म्हणाला. "यायच्या नावावर नाटक बुक होते."

"नमस्कार, मॅडम." आवाज असा, की मीच दचकले. "शुगर निंगाली म्हनते. एखादी गोळी लिवून द्या. तालीम सुरू आहे, मले निंगा लागते."

नाडी बघायला मी त्यांचा हात हातात घेतला. पंजा रुंद, बोटं केळ्यांसारखी जाड, आणि पंखा फुल्ल असूनही तळवा घामानं ओला. मग जबड्याकडे बघितलं. दातांमधल्या फटींकडे बघितलं.

"जोडे कितव्या नंबरचे घालता?"

शुगरसाठी आलेल्या माणसाला जोडे विचारणारी ही कोण, अशा नजरेनं ते बघायला लागले. उत्तर बायकोनं दिलं. "नंबर विचारूच नोका, मॅडम. दरवर्षी मोठे घ्या लागते. लग्नातली अंगठी त सोनाराकडून कापून काढली."

"वय वाढते तसा मानूस भरते," विलन म्हणाले.

या आजाराचं हेच अवघड. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की वाढीचा हार्मोन गरजेपेक्षा जास्त सुटतो, शुगर चढते आणि मोठ्या माणसाचे हातपाय, जबडा, नाक वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतात. रोज बघणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून मी जुना फोटो मागितला. बाईंनी मोबाइलवर एक जुनं पोस्टर दाखवलं. निमुळत्या हनुवटीचा, पातळ ओठांचा देखणा हिरो.

"हा कोण?"

"मीच!" ते खूश झाले. "हिरो होतो तवा मले कोनी विचारे नाई. मंग चेहरा भरला, आवाज खाली उतरला, डायरेक्टरनं विलन केलं. तवापासून दम घ्याले फुरसत नाई."

म्हणजे ज्या आजारानं शुगर दिली, त्यानंच नावही दिलं होतं. मी आता त्याच्यावरच इलाज सांगणार होते.

बोलता बोलता ते म्हणाले, की परवा तालमीत बाजूनं आलेला हिरो त्यांना दिसलाच नाही, जोरात टक्कर झाली. मी खुर्ची पुढे ओढली. "माझ्या नाकाकडे बघा. हात हलला की सांगा." दोन्ही हात बाजूला पसरून मी बोटं हलवायला लागले. ते शांत बसून होते.

"सुरू करा ना, मॅडम. हात काऊन हलवून नाई राह्यल्या?"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. माझी बोटं तर केव्हाची हलत होती.

रक्ताची तपासणी आणि नागपूरचा एमआरआय, दोन्हीनं माझा अंदाज खरा ठरवला. गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर टेकली होती. ऑपरेशन नाकातून होतं, कवटी उघडावी लागत नाही, हे ऐकून दोघांना जरा हायसं वाटलं.

"होळीनंतर करू," ते म्हणाले. "सीझन आहे."

"तोवर नजर टिकेल अशी खात्री मी देऊ शकत नाही."

मग त्या भारदस्त आवाजात अगदी लहान प्रश्न आला. "आन माहा आवाज?"

खोटं बोलायचं नव्हतं. हाडं आहेत तशीच राहतील, पण सूज उतरेल. आवाज थोडा हलका होऊ शकतो, असं मी सांगितलं.

"म्हंजे विलन गेला!"

"विलन गेला त गेला," बाई ताडकन म्हणाल्या. "मानूस राह्यला पायजे. समोरचं दिसन नाई त स्टेजवरून खाली पडशीन, तवा कोनता विलन करशीन?"

त्यांनी ऐकलं. कंपनीतल्याच एका नटाला आठवडाभर घरी बोलावून आपला पार्ट शिकवला. बाई सांगत होत्या, त्या आठवड्यात दोघं नट मिळून विलनचं हसू इतकं गडगडाटी हसायचे की शेजारी विचारायला यायचे. मग ते नागपूरला दाखल झाले.

ऑपरेशननंतर त्यांचा फोन आला. नाकात बोळे असल्यामुळे आवाज पार गेंगाणा. "मॅडब, विलदचा कॉबेडियद झाला!" फोनवर मी आणि पलीकडे बाई, दोघी हसत सुटलो. माझ्या त्या हसण्यात सुटकेचाही भाग होता.

नजर हळूहळू परत आली. तळव्यांचा घाम थांबला, हातांची सूज जरा उतरली. जबडा मात्र होता तिथेच राहिला आणि त्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. आवाज किंचित हलका झाला, पण तो फक्त त्यांनाच कळतो, असं बाईंचं म्हणणं. हार्मोन पूर्ण उतरला नव्हता, म्हणून महिन्याला एक इंजेक्शन सुरू केलं. शुगरची गोळी कमी झाली.

सीझन संपायच्या आत ते नागभीडजवळच्या एका गावात पुन्हा स्टेजवर उभे राहिले. पुढच्या शनिवारी आले ते सांगायलाच.

"सुनेले छळायचा सीन चालू होता, मॅडम. समोरून एक म्हातारी उठली न् थेट स्टेजपाशी आली. म्हने, 'मेल्या, तुया हात झडो!'" त्यांनी आपले दोन्ही रुंद हात माझ्या टेबलावर ठेवले आणि मनापासून हसले. "बोंबलून राह्यली होती म्हातारी! सारा मंडप तिच्याच बाजूनं. म्हंजे विलन नाई गेला! मले खुशीनं रडूच आलं."

मग त्यांनी पुढच्या इंजेक्शनची तारीख विचारली. त्या दिवशी सिंदेवाहीला प्रयोग होता. दुपारी इंजेक्शन घ्या आणि मग प्रयोगाला जा, म्हटलं, आणि बाईंनी मान डोलावली.