दूध सोडलेल्या माणसाचे शेंगोळे

तळवड्याच्या उद्धवरावांना दुधाचं भारी वेड. धार काढली की पहिला पेला गोठ्यातच, फेसासकट तोंडाला लावायचे. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. सायकलला किटल्या अडकवून ते तिथल्या वसाहतीत दूध घालायचे आणि घरी परतले की दूध-भाकरी कुस्करून जेवायचे. दुसरं काही मागायचे नाहीत.

एका वर्षी नवरा-बायको काशीला गेले. काशीत आपल्या आवडीचा एक जिन्नस कायमचा सोडायचा असतो. हुशार माणसं कारलं सोडतात. कौशल्याबाईंनी दोडका सोडला; तो तसाही त्यांच्या घशाखाली उतरत नसे. उद्धवराव मात्र गंगेत उभे राहून म्हणाले, "दूध. दुधाचं समदंच."

"आवं, काय बोलता?" कौशल्याबाईंनी त्यांचा दंड धरला. पण शब्द निघून गेला होता.

घरी आल्यावर ताक, तूप, दही सगळंच बंद झालं. उद्धवराव तक्रार करत नसत, पण भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळत. गळ्याची हाडं वर आली. लोकांच्या दारात दूध मापून घालणारा माणूस असा सुकत चाललेला कौशल्याबाईंना बघवेना.

त्यांचं माहेर कुरुळीचं. तिथं हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे पातळ, झणझणीत रश्शात शिजवत. एके दिवशी त्यांनी शेंगदाणे भिजत घातले, पाट्यावर गंधासारखे वाटले आणि फडक्यातून पिळून त्यांचं दाट दूध काढलं. लसूण-मिरची घालून पीठ घट्ट मळलं, तळहातावर वळून शेंगोळे उकळत्या पाण्यात सोडले. ते शिजल्यावर दाण्याचं दूध ओतून मंद आचेवर ढवळत राहिल्या. रस्सा सायीसारखा दाटला.

उद्धवरावांनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"ह्यात दूध हाय."

"न्हाई. दाणं हायेत."

"मला दुधाची चव कळत न्हाई व्हय? माझा नेम मोडलास तू." ते उठून गोठ्याकडं गेले.

कौशल्याबाईंना रडू आलं नाही, राग आला. काशीला जाऊन आलेली बाई, नवऱ्याचा नेम मोडेल का? दुसऱ्या दिवशी त्यांनी भिजलेल्या दाण्यांची पाटी उद्धवरावांपुढं ठेवली. "आज तुमीच वाटा," एवढंच म्हणाल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

उद्धवराव वाटायला बसले. घाम गळला, वरवंटा दोनदा हातातून निसटला. पण हळूहळू पाट्याच्या कडेनं पांढरं ओघळू लागलं, तेव्हा त्यांनी ते बोटानं चाखलं. मग पीठही त्यांनीच मळलं, पण सैल. शेंगोळे रश्शात विरघळून नुसती लापशी झाली. ती त्यांनी पातेलं पुसून खाल्ली.

"माझं चुकलं, कौशल्ये," ते हळूच म्हणाले. "पर दूध न्हाई तर दाण्याचं काढावं, हे तुला सुचलं कसं?"

"तुमी खंगत चालला व्हता. मग सुचंल न्हाई तर काय?"

त्यानंतर वाटायचं काम उद्धवरावांनी सोडलंच नाही. पुढं म्हशी विकल्या, आजूबाजूला कारखान्यांच्या शेड उठल्या, पण कौशल्याबाईंना आठवायच्या त्या दुपारी: गुडघे मोडून पाट्याशी बसलेला नवरा, आणि वरवंटा ओढता ओढता वसाहतीतल्या कुणाकुणाच्या घरची बित्तंबातमी सांगणारा त्याचा आवाज. एरवी घरात बायकोशी फार न बोलणारा तो माणूस, पण वाटायला बसला की त्याला धरबंद नसे. कधी कधी गोष्ट अर्धी राहिली असेल तर कौशल्याबाई मुद्दाम म्हणायच्या, "अजून जरा बारीक वाटा."